अकरा साक्षीदार

ज्या साली अनसूबाई लोंढेच्या गोदूचं लग्न ठरलं, मोडलं आणि त्याच मांडवात दोन तासांनी पुन्हा लागलं, ते साल २०४१. मोडलं ते लाडवावरून. नवऱ्या मुलाच्या मावशीने पानावर बसायच्या आधी कमरेच्या पिशवीतून भेसळ ओळखायचं यंत्र, हुंगणी, काढली आणि बुंदीच्या लाडवाला टेकवली. दिवा पिवळा झाला. पिवळा म्हणजे शंका आहे. झालं. विहीण तानाबाई शेळके उठून उभी राहिली, तिच्यामागे तिचं सगळं वऱ्हाड उभं राहिलं, आणि नवरदेव मुंडावळ्यांसकट जीपमध्ये जाऊन बसला.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की मावशीच्या बोटाला सकाळची हळद तशीच होती. हळदीत बाजारी रंग होता. हुंगणीने लाडू सोडून मावशीचं बोट तपासलं होतं.

"आता मावशीलाच पानातनं उठवा," अनसूबाई म्हणाली, तेव्हा दोन्हीकडची माणसं हसली आणि अक्षता पडल्या.

पण आंदणाच्या वेळी तानाबाईने पुन्हा नाक मुरडलं.

खडकेवाडीची रीत अशी की मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर एक ड्रम द्यायचा. गाव रासायनिक वसाहतीच्या कुंपणाला लागून. कारखान्यांचे रिकामे ड्रम इथे येतात, धुतले जातात, आणि दुष्काळी मुलखात पाणी साठवायला जातात. ज्या मुलखात टँकर आठवड्याला एकदा येतो, तिथे दोनशे लिटरचा चांगला ड्रम म्हणजे सोन्याच्या पाटल्यांपेक्षा वरचढ. अनसूबाईने एक्केचाळीस वर्षं ड्रम धुतले होते. ड्रमात डोकं घालून एकदा हुंगलं की ती सांगायची, यात काय होतं, आणि यात पाणी भरावं की नुसता कोंडा. ड्रम धुण्याच्या आवारात म्हण होती, देवाने अनसूला नाक देताना चेहरा नंतर लावला.

गोदूसाठी निवडलेला ड्रम निळा, नवाकोरा वाटावा असा. निवडला होता इस्माईलने. इस्माईल आतार हा तिचा आवारातला तीस वर्षांपासूनचा भागीदार. जातीने अत्तरवाल्यांचा आणि नाक मेलेलं. वीस वर्षांपूर्वीच्या साथीत त्याचा वास गेला तो आलाच नाही. आवारातल्या बाया त्याला म्हणायच्या, "आतार हायेस का नुसता नावाला?" तो हसायचा. म्हणूनच तालुक्यातली पहिली हुंगणी त्याने आणली होती.

अनसूबाईने मांडवाबाहेर ड्रमात डोकं घातलं. बदाम. गोड, बिस्किटातला बदाम. आणि त्या गोडव्याच्या मागे, घशाच्या तळाशी, बुटाच्या पॉलिशसारखं काहीतरी.

"इस्मालभाऊ, ह्यो नको. दुसरा बघ."

"का? काय झालं?"

"मागं काहीतरी हाय."

तानाबाई पुढे आली. "विहीणबाई, आता नाकाचं कोण ऐकतंय? दिवा दाखवा. न्हाईतर उद्या म्हणाल, चांगला ड्रम होता, वास येतो म्हणून घरी ठेवला."

इस्माईलने हुंगणी आतल्या भिंतीला टेकवली. दिवा हिरवा झाला, अगदी गडद हिरवा, आणि हुंगणी बाईच्या आवाजात बोलली: बिस्किटात घालायचं सुगंधी द्रव्य, अल्प, निर्धोक. अकरा कोशांचं एकमत.

"अकरा साक्षीदार," इस्माईल म्हणाला. "आणि तुझं एक नाक."

वऱ्हाड खदखदून हसलं. अनसूबाईने पदराने तोंड पुसलं आणि ड्रम जीपवर चढवू दिला.

*

हुंगणी हे नाव लोकांनी ठेवलेलं. ती खरं तर हुंगत नाही, बघते. तिच्या टोकातून एकाच रंगाचा बारीक प्रकाश निघतो. जगातली प्रत्येक वस्तू रेणूंची बनलेली, आणि रेणू म्हणजे स्प्रिंगांनी जोडलेले मणी समजा. तो कधी स्वस्थ बसत नाही, सारखा थरथरतो. साखरेची थरथर वेगळी, मिठाईच्या रंगाची वेगळी, विषाची वेगळी. प्रकाश त्यावर आपटून परतताना त्यातला अगदी थोडा भाग ती थरथर बरोबर घेऊन येतो आणि त्याचा रंग किंचित बदलतो. तो बदल म्हणजे त्या द्रव्याच्या बोटाचा ठसा.

पण नुसता ठसा मिळून काय उपयोग? चोराचा ठसा भिंतीवर सापडला तरी तसाच ठसा ठाण्यात आधी नोंदलेला असावा लागतो. ते ठाणं म्हणजे द्रव्यकोश. जगभरच्या शिकलेल्या माणसांनी मिळून उभारलेला, फुकट, सगळ्यांना उघडा. त्यात वीस कोटी द्रव्यांची नावं आणि आकडे. कुणीही बघावं, कुणीही नवी नोंद द्यावी, कुणीही उतरवून आपल्या कोशात घ्यावी. नावं वीस कोटी असली तरी ठसे त्या मानाने मूठभरच. कारखाने आपल्या नव्या द्रव्यांचे ठसे सहसा कुणाला देत नाहीत. म्हणून कोशवाले लोकांनाच सांगत राहत, तुमच्याकडे असेल ते पाठवा. एका मुख्य कोशातून पुढे शेतीचे, औषधांचे, पाण्याचे असे कितीतरी कोश निघाले. हुंगणी ते सगळे चाळते, किती कोश एकच नाव सांगतात ते मोजते. दहाच्या वर साक्षी जमल्या की दिवा गडद हिरवा.

हुंगणी घरोघर आली तशी माणसं सुधारली असं म्हणतात. भेसळ कमी झाली हे खरं. पण दूधवाल्यापुढे म्हैस उभी असली तरी लोक दुधाला हुंगणी लावू लागले. बायका नवऱ्याच्या पेल्याला, सासवा सुनांच्या भाजीला. पूर्वी माणूस परक्याच्या घरी पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा. आता आधी खिशात हात घालायचा. नसलेली शंका घेण्याची सोय झाली होती.

*

दिवाळीनंतर गोदूचा फोन आला. "आई, आत्याबाईंचे ओठ निळे पडायला लागलेत गं."

सासूला ती आत्या म्हणायची. दम लागतो, डोकं दुखतं, ओसरीवरून चुलीपर्यंत येताना बसावं लागतं. जावई हणमंत तिला मोटारीत घालून जिल्ह्याला घेऊन गेला. तिथे डॉक्टरीणबाईने सुई टोचली तर रक्त चॉकलेटी निघालं. रक्तातल्या लोखंडाने प्राणवायू उचलायचा असतो. काही द्रव्यं त्या लोखंडाला जणू गंज चढवतात, मग ते असून नसल्यासारखं. डॉक्टरीणबाईने शिरेतून एक निळं औषध दिलं, आणि निळे ओठ त्या निळ्या औषधाने लाल झाले.

"घरात काहीतरी आहे," ती हणमंतला म्हणाली. "खाण्यात नाहीतर पाण्यात. शोधा."

हणमंतने शोधलं. पीठ, तेल, डाळ, चहा, साखर, दंतमंजन, शेतातली फवारणी, सगळ्याला हुंगणी लावली. सगळीकडे हिरवा. पाण्याला लावली तेव्हाही हिरवा, गडद. सुगंधी द्रव्य, अल्प, निर्धोक.

तानाबाई बरी होऊन घरी आली की तीन आठवड्यांत पुन्हा ओठ निळे. दवाखान्यात बरी, घरी आजारी. असं दोनदा झाल्यावर गोदूच्या सासरच्या गावाला, बोरखेलच्या लोकांना आणखी काय लागतं? दवाखान्यात नाही आणि घरात आहे, अशी एकच गोष्ट: नवी सून. सून दिवसभर डाळिंबाच्या रानात, विहिरीचं पाणी पिते, तिला काही होत नाही. हणमंत टँकर चालवतो, आठ-आठ दिवस बाहेर, त्याला काही होत नाही. म्हातारी घरात बसून दिवसाला सात कप चहा पिते, सुनेने पहाटे करून ठेवलेला.

आणि हुंगणीच म्हणत होती की चहात बिस्किटाचा वास आहे.

"आमच्या घरात बिस्किट कोण खातंय?" मावशी विचारायची. हळदीच्या बोटाची तीच. "ड्रमाचा वास तर कवाच जायला हवा होता. त्या वासाखाली काय लपवलंय, ते हिला विचारा."

माघात गोदूची चूल वेगळी मांडली. ती पोटुशी होती, चौथा महिना. फोनवर ती रडली नाही. अनसूबाईला तेच बोचलं. "आई, माझ्या हातचं पाणी कुणी घेत न्हाई. ह्यांनी बी काल तांब्या खाली ठेवला. पुढल्या सोमवारी पंच बसणारेत. पोलिसात द्यायचं का माहेरी धाडायचं, ते ठरवणार."

अनसूबाई दुसऱ्या दिवशी बोरखेलला पोचली. ओसरीवर कुणी या म्हटलं नाही. ती कुणाशी न बोलता परसात गेली. निळा ड्रम फेब्रुवारीच्या उन्हात, भिंतीला टेकून, हात लावला तर चटका बसेल असा तापलेला. तिने झाकण काढलं आणि डोकं आत घातलं.

आता बदाम मागे गेला होता. पॉलिश पुढे आलं होतं.

प्लॅस्टिक दिसतं तेवढं घट्ट नसतं. लोणच्याच्या बरणीच्या झाकणात वास मुरतो ना, कितीही घासा, जात नाही, तशी तेलकट द्रव्यं ड्रमाच्या अंगात मुरतात. कॉस्टिक सोड्याने धुतलं की वरचं जातं, मुरलेलं राहतं, आणि ऊन लागलं की हळूहळू पाण्यात उतरतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एक्केचाळीस वर्षांनी शिकवलं होतं.

तिने ड्रमाला खांदा लावला आणि तो आडवा पाडला. आठवड्याचं पाणी परसभर पसरलं.

तानाबाई काठी टेकत बाहेर आली. ओठ जांभळे, डोळे मात्र जागे. "बघा! बघा, पुरावा मोडला! लेकीनं घातलं, आईनं सांडलं!"

"विहीणबाई, ड्रमात इख हाय."

"मग दिवा का हिरवा? अकरा कोश खोटं, आन तू खरी?" तानाबाईला धाप लागली. "तुझ्याच घरचा ड्रम. तूच दिलास. आता म्हणतीस, इख हाय. म्हंजी तुला ठावं होतं."

अनसूबाईने रिकामा ड्रम पालथा घातला. जाताना तिने हणमंतला बाजूला घेतलं. "जावईबापू, ह्यो ड्रम पुन्यांदा भरू नका. एवढं ऐका." हणमंतने मान हलवली, पण होय म्हणाला की नाही, ते तिला कळलं नाही. परतीच्या एसटीत तिच्या मनात एकच माणूस होता.

इस्माईल.

*

"तू निवडलास ड्रम. मी नको म्हणले होते. का दिलास?"

इस्माईल हौदापाशी झाकणं घासत होता. "अगं आक्का, दिवा हिरवा होता—"

"दिव्याला कोण हिरवं करतं? हुंगणी तुझी. त्या रंगाच्या कारखान्याचा सगळा माल पाच वर्षं तुझ्याकडंच का येतो? त्यांनी तुला काय सांगितलंय?"

हे खरं होतं की वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याचे निळे ड्रम पाच वर्षं इथेच येत आणि सगळेच्या सगळे हिरव्या दिव्याने पास होत.

इस्माईलने ब्रश खाली ठेवला. "तीस वर्षं एका ताटात भाकर खाल्ली. आता मला हुंगणी लावतीस?" मग त्याने खिशातून हुंगणी काढून तिच्या हातात दिली. "घे. मला वास येत न्हाई आन इंग्रजी येत न्हाई. तू शिकलीस म्हातारपणी. तूच बघ, कोण साक्ष देतंय. मग माझ्या तोंडावर येऊन बोल."

अनसूबाई वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी अक्षरं शिकली होती. प्रौढ वर्गातल्या सगळ्या बाया पोथी वाचायला शिकत होत्या. ही ड्रमावरची चिकटपत्रं वाचायला शिकली. इंग्रजी अक्षरंही त्यातूनच आली, कवटीच्या चित्राखालची. प्रत्येक द्रव्याला एक आकडा असतो, आणि त्या आकड्यातला शेवटचा अंक राखणदार असतो, हे तिला वर्गाच्या बाईंनी शिकवलं होतं. उरलेले अंक उजवीकडून एकपट, दुप्पट, तिप्पट करत जायचे, बेरीज करायची. बेरजेचा एकं राखणदाराशी जुळला नाही तर आकडा खोटा. ती हे आवारातल्या जमिनीवर खडूने करायची, आणि जुळलं की टाळी वाजवायची.

५ मार्च २०४२, बुधवार. दुपारी ती हुंगणी मोठ्या पडद्याला लावून बसली. अकरा साक्षीदारांना एकेक करून पुढे बोलावलं.

शेतीचा कोश म्हणाला: नोंद पाण्याच्या कोशातून घेतली. पाण्याचा कोश म्हणाला: औषधांच्या कोशातून. औषधांचा म्हणाला: मुख्य द्रव्यकोशातून. चौथाही तेच म्हणाला, पाचवाही. एकाने दुसऱ्याकडून उतरवलं होतं, दुसऱ्याने तिसऱ्याकडून, आणि दोघे तर एकमेकांचं नाव सांगत होते. डोळ्यांनी पाहिलेला त्यात कुणीच नव्हता. अकरा साक्षीदार, पण तोंड एकच. बाकी दहा जण त्या तोंडाचा आवाज होते.

तिला आनंद झाला. चोर सापडणार होता. तिने मुख्य कोशातली मूळ नोंद उघडली. बोट ठेवून वाचू लागली, कारण बोट काढलं की तिची ओळ अजून हरवायची.

नमुना गोळा केल्याचं वर्ष: २०३६. जागा: खडकेवाडी ड्रम आवार. ओळख कशावरून: भांड्यावरील चिकटपत्र, आकडा पडताळला. नोंद देणारी व्यक्ती: अनसूया लोंढे.

तिने बोट काढलं नाही. ते तिथेच राहिलं.

*

वर्गाचा तो शेवटचा आठवडा. बाईंनी सांगितलं होतं, द्रव्यकोशाला नमुने हवेत, तुमच्या आवारात शेकड्याने द्रव्यं येतात, तुम्ही द्या, जगाच्या कामाला येईल. अनसूबाई फुलून गेली होती. निळ्या ड्रमाच्या तळाशी चमचाभर तेलकट द्रव उरला होता. बाईंच्या हुंगणीने त्याचा ठसा घेतला. असा ठसा कोशात नव्हता. नाव तिने वाचलं, एक एक अक्षर जुळवत, ड्रमाच्या झाकणावरच्या चिकटपत्रावरून. आकडा पडताळला. जुळला. टाळी वाजवली.

नाकाने त्याही दिवशी सांगितलं होतं. हे पॉलिश आहे, बिस्किट नव्हे. पण त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा नाकाला गप्प बसवलं. जन्मभर नाकाने पोट भरलं. आता अक्षर आलं होतं, आणि अक्षर खोटं कसं बोलेल?

अक्षर खोटं बोललं नव्हतंच. नाव बरोबर, आकडा बरोबर, राखणदारही बरोबर. चूक एकच. झाकणं वेगळ्या हौदात भिजतात. दिवसभर तिथे पन्नास झाकणांचा ढीग असतो, आणि संध्याकाळी जे हाताला येईल ते, जो ड्रम समोर येईल त्याच्यावर बसतं. खडकेवाडीत रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं की झाकणावरून ड्रम ओळखायचा नाही. तिला नव्हतं ठाऊक? ती तर हौदावर बसूनच म्हातारी झाली होती. पण त्या दिवशी ती हौदावरची बाई नव्हती, वाचता येणारी बाई होती.

म्हणून बिस्किटातल्या सुगंधाच्या नावाखाली रंगाच्या कारखान्यातल्या विषाचा ठसा बसला, आणि जिथे जिथे ते विष सापडेल तिथे जगभरच्या हुंगण्या हिरव्या होऊ लागल्या.

इस्माईल मागे येऊन उभा होता. त्याने नोंद वाचली नाही. त्याला वाचता येत नव्हती. तिचा चेहरा वाचला.

"माझं नाव हाय काय?"

"न्हाई," ती म्हणाली. "माझं."

तो हौदाच्या काठावर बसला. "कारखान्यालाबी कळलं असंल की गं. इखाला पाच वर्षं बिस्किट म्हणत्यात, तेनला ऐकू येत नसंल? ते गप, मग आपणच का..." त्याने ब्रश उचलला. "ड्रम तर तू पालथा केलास. म्हातारी आता बरी हुईल. कुणाला काय कळतंय?"

हेच तिलाही वाटलं. नोंद दुरुस्त करायची तर स्वतःच्या नावाने करायची. मग बोरखेलचे लोक म्हणणार, आईने विषाला बदाम म्हटलं आणि लेकीच्या हाती दिलं. पोर पोटासकट घराबाहेर. आणि पाच वर्षांत इथून किती निळे ड्रम किती परसांत गेले, त्याचा हिशेब विचारायला कोण कोण येईल? आज नको, पंच बसून उठू देत. सोमवार झाला की बघू. सोमवारी पंच बसले आणि काही न ठरवता उठले. पुढच्या सोमवारी पुन्हा बसायचं ठरलं. मग म्हणाली, आता त्या सोमवारी.

आठ दिवस ती ड्रम धुत होती. निळा ड्रम आला की हातातला ब्रश थांबायचा. नाक सांगायचं, आणि दिवा हिरवा व्हायचा, आणि इस्माईल तिच्याकडे न बघता ड्रम गाडीत चढवायचा. शनिवारपासून तिने निळे ड्रम कोपऱ्यात उलटे घालून ठेवायला सुरुवात केली. इस्माईल त्यांना वळसा घालून जायचा.

गुरुवारी, १३ मार्चला, दुपारी गोदूचा फोन आला.

"आई, आत्याबाईंना पुन्हा नेलं. ह्या बारीला उठवून बसवता येईना."

"अगं पण ड्रम तर मी—"

"नवा आणला ना ह्यांनी. तू गेलीस त्याच आठवड्यात. आत्याबाई म्हणल्या, ह्या वक्ताला माझ्यासमोर तपासून आणा. बाजारात बारा ड्रम बघितले. ज्याचा दिवा सगळ्यात गडद हिरवा, तोच घेतला."

"कसल्या रंगाचा?"

"निळा," गोदू म्हणाली.

*

अनसूबाईने आधी हणमंतला फोन लावला. "जावईबापू, नवा ड्रम फोडा. आत्ता. कुऱ्हाडीनं. आन डॉक्टरीणबाईला सांगा, पाण्यात रंगाच्या कारखान्याचं इख हाय, बिस्किटाचं न्हाई." मग पडद्यापुढे बसून तिने दुरुस्तीचा अर्ज लिहिला. कारण या रकान्यात तिने मराठीत लिहिलं, कारण तेवढं खरं तिला दुसऱ्या भाषेत लिहिता येत नव्हतं:

झाकण दुसऱ्या ड्रमाचं होतं. मला वास आला होता. मी वाचलेल्यावर विश्वास ठेवला. नोंद चुकीची आहे. ती मी दिली. अनसूया लोंढे.

कोशाचं उत्तर लगेच आलं: आपली दुरुस्ती तपासणीसाठी ठेवली आहे. कामाचे दोन दिवस लागतील.

इस्माईलने गाडी काढली. वाटेत एका ठिकाणी तो म्हणाला, "हुंगणी तू माझ्याकडं परत दिली न्हाईस." हुंगणी त्याच्या पिशवीत ठेवत अनसूबाई म्हणाली, "इस्मालभाऊ, तुझ्यावर संशय घेतला." तो म्हणाला, "घेण्याजोगाच हाय मी. दिव्याच्या नादानं तीस वर्षं पारखलेलं तुझं नाक इसरलो."

शुक्रवारी सकाळी आठला ती जिल्ह्याच्या दवाखान्यात तानाबाईच्या खाटेशी उभी राहिली. तोंडावर हवेची नळी, शिरेत निळं औषध. डॉक्टरीणबाईने बाहेरच सांगितलं होतं की यावेळी रक्ताने साथ सोडली आहे, काळीजही थकलंय. मावशी उशाशी बसली होती, हणमंत भिंतीला टेकून, आणि गोदू दाराबाहेर, कारण तिला आत येऊ देत नव्हते.

अनसूबाईने सगळं सांगितलं. वर्ग, झाकण, नोंद, अकरा कोश. आठ दिवसही सांगितले. ते सांगितले नसते तरी कुणाला कळलं नसतं.

मावशीचं तोंड उघडं राहिलं. तानाबाईने नळी हाताने बाजूला सारली.

"म्हंजी... गोदीनं न्हाई?"

"न्हाई विहीणबाई. मी."

तानाबाई तिच्याकडे बघत राहिली. ती नजर माफ करणारी नव्हती. अनसूबाईने तशी आशाही केली नव्हती. मग म्हातारीने मान दाराकडे वळवली.

"तिला म्हणा... पाणी दे."

गोदू पोट सांभाळत आत आली. व्हरांड्यातल्या नळाचं पाणी तिने पेल्यात आणलं. मावशीचा हात सवयीने कमरेच्या पिशवीकडे गेला. तानाबाईने दोन बोटं उचलली. एवढीच ताकद होती. मावशीचा हात थांबला. गोदूने सासूची मान उचलून पेला ओठांना लावला. दोन घोट गेले, तिसरा बाहेर आला.

द्रव्यकोशातली दुरुस्ती सोमवारी, १७ मार्चला मंजूर झाली. अकरापैकी सात कोशांनी त्या आठवड्यात नोंद बदलली. चार अजून जुनीच दाखवतात. श्रावणात गोदूला मुलगी झाली, आणि ती बोरखेललाच झाली. तानाबाई महादू शेळके शुक्रवार, १४ मार्च २०४२ रोजी सकाळी साडेनऊला वारल्या.